रेझिनची वाट: मातीतून पाण्याकडे, पाण्यातून हवेकडे

हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणाऱ्या पदार्थांची आज जगभर चर्चा आहे. त्यातल्या एकाशी आम्हा डीएम प्लँटवाल्यांची, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्यांची, जुनी ओळख. ते म्हणजे अ‍ॅनायन रेझिन, पाण्यातले ऋणभारित कण धरणारं, मोहरीपेक्षाही बारीक, पिवळसर मण्यांचं.

याचं मूळ इंग्लंडच्या शेतात आहे. अमोनियम सल्फेटचं पाणी मातीतून सोडलं, की अमोनिया मातीत राहतो आणि खाली जिप्समचं पाणी उतरतं, हे 1850 मध्ये थॉम्पसन आणि वे यांनी दाखवलं. माती एक आयन (भारित कण) सोडते आणि दुसरा घेते. 1935 मध्ये लंडनजवळच्या टेडिंग्टनमध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी हाच गुण कारखान्यात बनणाऱ्या रेझिनमध्ये आणला. 1944 मध्ये अमेरिकेत डॅलेलिओ यांना पॉलिस्टायरीनच्या रेझिनचं पेटंट मिळालं.

सुरुवातीची अ‍ॅनायन रेझिनं दुबळी होती. सल्फ्युरिकसारखं तीव्र आम्ल ती धरत, पण पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं कार्बोनिक आम्ल निसटून जाई. पुढे पॉलिमरच्या साखळीला क्वाटर्नरी अमोनियमचे गट जोडले गेले. त्यांच्यावर कायमचा धनभार असतो. त्यामुळे सिलिका आणि कार्बन डायऑक्साइडही पकडले जाऊ लागले.

आमच्या कामात मात्र हा वायू म्हणजे डोकेदुखी. धनभारित आयन काढणाऱ्या कॅटायन टाकीतून निघालेलं आंबट पाणी थेट अ‍ॅनायनवर सोडलं, तर रेझिन वायूनेच भरतं, सिलिकेला जागा उरत नाही आणि रेझिन ताजं करायला लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याचा खर्च वाढतो. म्हणून मध्ये डीगॅसर असतो. टॉवरच्या वरून पाणी पडतं, खालून ब्लोअर हवा फुंकतो आणि वायू उडून जातो. कॉस्टिकने ताजं केलेलं रेझिन उघड्यावर ठेवू नये, हेही नव्या पोरांना आम्ही बजावत असू, कारण ते हवेतलाही वायू पितं.

या खोडीचं सोनं केलं क्लाउस लॅकनर आणि अ‍ॅलन राइट या संशोधकांनी. बाजारात मिळणारी रेझिनची पातळ शीट त्यांनी कार्बोनेट रूपात आणली. कोरडी असताना ती हवेतला वायू घेते आणि कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं. ओली केली की वायू परत सुटतो. भट्टी नको, वाफ नको. ओल्या रेझिनवरचा वायूचा दाब कोरड्याच्या सुमारे शंभरपट असतो, असं त्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलं. अर्थात याला कोरडी हवा लागते. कोकणच्या पावसाळ्यात ही युक्ती चालायची नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र करून बघण्यासारखी आहे.

रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: जवळच्या कारखान्याच्या डीएम प्लँटवर जा, तिथल्या ऑपरेटरशी बोला. हवेवरच्या या संशोधनाचा पाया पाण्याच्या धंद्यात घातला गेला आहे आणि त्यातलं बरंच ज्ञान अजून त्या माणसांच्या तोंडीच आहे.