रुमाल टाकलेली जागा

माझ्या आजीची धाकटी बहीण विंचवाने गेली. साल १९६८, केज तालुक्यातलं गाव. गोवऱ्या काढायला तिला आजीनेच पाठवलं होतं. उतारा करणारा आला, त्याने मंत्र टाकला, तासाभरात ठणका कमी झाला. सगळे निर्धास्त झाले. पोरगी मात्र घामाने भिजत होती, ओकत होती, हातपाय गार पडले होते. पहाटे तोंडाला फेस आला.

मी पुण्यात कोड लिहितो. औषधांशी संबंध क्रोसिनपुरता. गेल्या दिवाळीत बी.फार्म. करणाऱ्या चुलत बहिणीची फार्माकॉलॉजीची वही सहज चाळली आणि अडकलो. पेशींवर रिसेप्टर असतात. त्यावर बसून काम सुरू करतो तो अ‍ॅगोनिस्ट. नुसती जागा अडवतो तो अँटॅगोनिस्ट. म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल! रुमाल काही प्रवास करत नाही, पण दुसऱ्याला बसूही देत नाही.

याच रुमालाने विंचवाचा इतिहास बदलला. काळ्या इंगळीला आपण जास्त घाबरतो, पण जीव घेतो तो लाल विंचू. त्याचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. मग अ‍ॅड्रेनालिन, नॉरअ‍ॅड्रेनालिनचा पूर येतो, ती रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरवर बसतात, वाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. फेस येतो तो त्याचाच.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले, देहेडचे. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचवाचे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, नोंदी ठेवल्या. प्राझोसिन ही सत्तरच्या दशकात आलेली रक्तदाबाची साधी गोळी, अल्फा रिसेप्टर अडवणारी. ती त्यांनी या रुग्णांना दिली, आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याबद्दल लिहिलं. पुढे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०११ मध्ये ‘बीएमजे’त त्यांची चाचणी आली: प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मला मात्र बिरवाडीतल्या त्या वह्या बघायला जास्त आवडतील.

त्यांच्या नोंदींतली एक गोष्ट मला आजीला सांगायची नव्हती. खूप ठणका आणि बाकी काही नाही, तर बहुतेकदा धोका कमी. ठणका थोडा, पण घाम, ओकाऱ्या, गार हातपाय, तर पळा.

तिनेच ओळखलं. "म्हंजी ठणका थांबला म्हणून आम्ही गप बसलो, तितंच चुकलं व्हय?"

मी म्हणालो, "आजी, ती गोळी तेव्हा बाजारातच नव्हती."

ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "आता हाय न्हवं? उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन इचारून ये, ठेवत्यात का म्हणून."