अपुऱ्या लेगो संचांचे मोल

मुले मोठी झाली की त्यांच्या ठोकळ्यांचा डबा माळ्यावर जातो. काही वर्षांनी तो खाली उतरतो, तेव्हा खोके फाटलेले, पुस्तिका हरवलेली आणि दहा-वीस तुकडे गहाळ झालेले असतात. अशा अवस्थेतील बहुतेक खेळण्यांची वाट भंगाराकडेच जाते. डेन्मार्कच्या लेगो कंपनीचे ठोकळे मात्र त्यास अपवाद ठरले असून, वापरलेल्या आणि अपुऱ्या संचांची इंटरनेटवरून जगभर खरेदी-विक्री होते.

या टिकाऊ मोलाचे कारण ठोकळ्याच्या रचनेत आहे. ओले किर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये बिलुंड येथे लाकडी खेळण्यांचा व्यवसाय सुरू केला. वर गोल खुंट्या आणि आत पोकळ नळ्या असलेल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. ती मापे आजही कायम असल्याने त्या काळातील ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. साहजिकच जुन्या संचातील तुकडा कधीच पूर्णपणे निरुपयोगी होत नाही.

या व्यवहाराला शिस्त लावली ती ‘ब्रिकलिंक’ या संकेतस्थळाने. डॅन येझेक यांनी २००० मध्ये ‘ब्रिकबे’ या नावाने ते सुरू केले. पुढे २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच ते विकत घेतले. येथे संचाची नोंद ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’ किंवा ‘सीलबंद’ अशी करता येते. शिवाय एकेक तुकडा त्याच्या क्रमांकानुसार आणि रंगानुसार सुटा मिळतो. हरवलेला तुकडा असा स्वतंत्रपणे घेता येतो, म्हणूनच अपुऱ्या संचालाही गिऱ्हाईक असते. कोणाला तो पुरा करायचा असतो, तर कोणाला त्यातील भाग वापरून स्वतःजवळचा संच पुरा करायचा असतो.

विक्रेत्याचे पहिले काम म्हणजे संचाची ओळख पटवणे. खोक्यावर आणि पुस्तिकेवर संचाचा क्रमांक छापलेला असतो. दोन्ही नसल्यास छापील नक्षीचे किंवा वेगळ्या आकाराचे तुकडे उपयोगी पडतात. बहुतेक तुकड्यांच्या आतील बाजूस बारीक अक्षरांत साच्याचा क्रमांक असतो. आठ खुंट्यांच्या परिचित ठोकळ्याचा क्रमांक ३००१ आहे. अनेक जुन्या पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पुस्तिका समोर ठेवून संच प्रत्यक्ष जोडून पाहणे, ही तुकडे मोजण्याची सर्वांत खात्रीची रीत होय.

सगळ्या तुकड्यांचे मोल सारखे नसते. साधे ठोकळे कमी असले तरी किंमत फारशी उतरत नाही. छोट्या बाहुल्या नसतील तर मात्र ती कोसळते. हातपाय हलवणाऱ्या या बाहुल्या १९७८ मध्ये आल्या. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील ‘क्लाउड सिटी’ हा २००३ सालचा संच याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यातील हातापायांवर नक्षी छापलेली बोबा फेट याची बाहुली संग्राहकांत अत्यंत महाग समजली जाते. तिच्याविना तो संच ‘जवळजवळ पूर्ण’ म्हणून विकणे ही दिशाभूलच ठरेल.

रंगाकडेही लक्ष द्यावे लागते. कंपनीने २००४ च्या सुमारास करड्या रंगाच्या छटा बदलल्या. त्यामुळे जुन्या संचात नंतरचा करडा तुकडा बसतो खरा, पण तो वेगळा दिसतो. पांढरे ठोकळे उन्हाने पिवळे पडतात. अन्य कंपन्यांचे ठोकळेही डब्यात मिसळलेले असतात. अस्सल ठोकळ्याच्या खुंटीवर कंपनीचे नाव उमटवलेले असते. धुण्यासाठी चाळीस अंशांपेक्षा गरम पाणी वापरू नये आणि विजेवर चालणारे भाग पाण्यात घालू नयेत.

किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेला भाव पाहून चालत नाही. तसेच वापरलेले पूर्ण संच प्रत्यक्षात किती रकमेला विकले गेले, ते पाहावे लागते. त्यातून हरवलेल्या भागांची किंमत, त्यांचा टपालखर्च आणि ते शोधण्याचे श्रम वजा केले की रास्त आकडा हाती येतो. उणिवा फारच असतील तर बाहुल्या वेगळ्या आणि उरलेले ठोकळे वजनावर विकण्याचा मार्ग असतो. मात्र एकदा विखुरलेला संच पुन्हा एकत्र येणे कठीण असते, हे आधीच लक्षात घ्यावे.

दूर देशातील खरेदीदार डबा उघडून पाहू शकत नाही. त्याच्यापुढे असतात ती केवळ छायाचित्रे आणि विक्रेत्याचा शब्द. म्हणून नसलेल्या तुकड्यांची क्रमांकांसह यादी देणे हाच या व्यवहाराचा पाया आहे. दहा तुकडे नाहीत असे आधी सांगितले, तर ते दहा तुकडे खरेदीदार शोधून आणतो. एकच तुकडा लपवला, तर संच परत येतो आणि विश्वासही जातो.