खूण कुणाच्या खात्यावर?

रेग्युलर एक्सप्रेशनची, म्हणजे मजकूर शोधायच्या साच्याची, वंशावळ अनेकांना पाठ असते. १९४३ मध्ये मॅकलक आणि पिट्स यांनी चेतापेशींचं गणिती प्रारूप मांडलं, १९५१ मध्ये स्टीफन क्लेनींनी त्याला बीजगणिताचं रूप दिलं आणि १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ते मजकूर शोधायला जुंपलं. पण क्लेनींच्या गणितात ‘कुठे?’ हा प्रश्नच नाही. अक्षरांची माळ साच्यात बसते की नाही, एवढंच ते सांगतं. मग एकच शब्द दहादा आला, तर दहाही जागा क्रमाने सांगण्याची रीत आली कुठून?

जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत त्यासाठी साच्यामागे ‘जी’ हे अक्षर लावतात. ते युनिक्सच्या ‘ग्रेप’ या ओळी शोधणाऱ्या आज्ञेतल्या ‘जी’चंच वंशज आहे, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. युनिक्सच्या ‘एड’ या संपादकात ‘जी’ दोन होते. आज्ञेआधीचा ‘जी’ साच्यात बसणारी प्रत्येक ओळ उचलायचा. त्या ओळीत शब्द किती वेळा आला, याच्याशी त्याला देणंघेणं नसे. ‘ग्रेप’ त्याच्या पोटचा. बदलाच्या आज्ञेमागे लागणारा ‘जी’ मात्र ओळीतली प्रत्येक जागा धुंडाळायचा. तोच ‘सेड’ या संपादकातून पर्ल या भाषेत आणि तिथून जावास्क्रिप्टमध्ये उतरला. जावास्क्रिप्टच्या १९९९ च्या एक्मास्क्रिप्ट प्रमाणकात तर पर्ल ५ चा नमुना समोर ठेवल्याचं चक्क लिहिलेलं आहे.

पण या उसनवारीत एक विलक्षण अदलाबदल झाली. शोध कुठवर आला याची खूण पर्ल मजकुराच्या चलावर ठेवते. त्यामुळे एकाच मजकुरावर एक साचा थांबला, की तिथूनच दुसरा पुढे जाऊ शकतो. जावास्क्रिप्टने ती खूण साच्याच्या खात्यावर टाकली: ‘लास्टइंडेक्स’. ‘नदी नाव नदी’ यात ‘नदी’ शोधा. पहिली जागा ०, खूण ३ वर. दुसरी जागा ८, खूण ११ वर. तिसऱ्यांदा काहीच नाही, खूण पुन्हा ०. (आपण अक्षरं मोजली तर दुसरी ‘नदी’ ६ वर येते, यंत्र ‘दी’ आणि ‘ना’ यांतल्या मात्रा वेगळ्या धरतं.) आता पहिल्या शोधानंतर तोच साचा नुसत्या ‘नदी’ या दुसऱ्या मजकुरावर चालवा. तो ३ या स्थानापासून पाहू लागतो आणि समोरची नदी नाकारतो.

हा बदल का झाला? सगळं ऑब्जेक्टात कोंबायची त्या भाषेची हौस, असं एक उत्तर मिळतं. ते अपुरं आहे. त्याच भाषेतली ‘इंडेक्सऑफ’ ही शोधाची आज्ञा काहीच लक्षात ठेवत नाही. सुरुवातीची जागा तुम्हीच तिला सांगता. माझं मत असं: लक्षात ठेवण्याची सवय पर्लची, पण जावास्क्रिप्टचा मजकूर अचल, त्याच्या अंगावर काही टाचता येत नाही. खूण ठेवायला बदलू शकणारी वस्तू हवी होती, आणि हाताशी साचाच होता.

२०१५ मध्ये आलेल्या ‘वाय’ या चिन्हाने नेमक्या खुणेपासूनच जुळवण्याची सोय दिली, तरी एका साच्याची खूण दुसऱ्याला आपल्यालाच द्यावी लागते. २०२० च्या ‘मॅचऑल’ या आज्ञेने वेगळी वाट काढली. ती साच्याची प्रत करून त्या प्रतीवरच खूण पुढे सरकवते. मूळ साच्याची खूण जागची हलत नाही.