वेळापूर येथील कलमतराश चाकू व त्यांची छाटणी

वेळापूर (ता. माळशिरस, जि. सोलापूर) हें नांव संशोधकांस तेथील अर्धनारीनटेश्वराच्या देवळामुळें व रामचंद्रदेव यादवाच्या कारकीर्दींतील शिलालेखांमुळें परिचित आहे. शके १२२२, म्हणजे इ. स. १३०० च्या लेखासाठीं अभ्यासक तेथवर जातात. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा मुक्कामहि तेथें पडतो. परंतु ज्या गांवीं दगडावरील अक्षर इतक्या निगुतीनें वाचलें जातें, त्या गांवच्या घरोघरीं कागदावरील अक्षर ज्या हत्यारावांचून उमटलें नसतें, त्याकडे सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं. हें हत्यार म्हणजे बोरू तासण्याचा लहान चाकू. जुन्या व्यवहारभाषेंत कलमतराश. फारशींतील ‘तराश’ म्हणजे तासणारा. दगड तासतो तो संगतराश आणि लेखणी तासतो तो कलमतराश, असें हें नात्यांतील नांव आहे.

गेल्या कांहीं वर्षांत वेळापूर व आसपासच्या गांवांतून असे चाकू आमच्याकडे जमत गेले. कोणी कागदांच्या रुमालासोबत दिले, कोणी मोडींत निघालेल्या तांब्यापितळेच्या ढिगांतून काढून आणले, कोणी नुसतेच हातावर ठेवले. होतां होतां संख्या ४१ झाली. त्यांत लोहाराच्या घरचे होते, विलायती होते, आणि ज्यांस चाकू म्हणावें कीं पत्र्याचा तुकडा असा संशय यावा असेहि होते. संग्रह म्हणजे गोळा करणें एवढाच अर्थ घेतला तर पेटी भरते, पण त्यांतून कांहीं सांगतां येत नाहीं. म्हणून यांतील कोणते ठेवावे व कोणते सोडावे याचा विचार करणें भाग पडलें. तो विचार पोथ्या व दप्तरें बाळगणाऱ्या वाचकांसहि उपयोगीं पडेल असें वाटतें. कारण यांतील बरेचसे चाकू त्यांच्याच रुमालांच्या घड्यांत आज पडून असतील.

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं कलमतराश हें शस्त्र नव्हे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग निराळा व लेखनवर्ग निराळा आहे. कलमतराशाचें घर दुसऱ्या वर्गांत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासांत लेखनक्रियेचें निरूपण आहे, व त्यांत निरनिराळ्या देशींच्या बोरूंबरोबर टांक तोडण्याच्या साधनांचीहि आठवण ठेविलेली आहे. समर्थांस अक्षराच्या वळणाइतकीच त्यामागील हत्याराची काळजी होती, ही गोष्ट लिहिणाऱ्याच्या ध्यानांत यावी अशी आहे.

बोरू तासण्याची कृति थोडक्यांत अशी. वेताएवढी जाड नळी हातांत धरून तिच्या टोंकास लांब उतार द्यावयाचा, आंतील मऊ गाभा खरवडून काढावयाचा, टोंकाच्या मधोमध बारीक चीर पाडावयाची आणि शेवटीं टोंक एका घावांत किंचित् तिरपें तोडावयाचें. शेवटचा घाव कच्चा पडला तर टोंक फुटतें व पुन्हा आरंभापासून तासावें लागतें. इराणी व तुर्की लेखक या घावासाठीं हाडाची किंवा हस्तिदंताची पट्टी खालीं घेत. तिला मकता म्हणत. आमच्याकडील कारकून अंगठ्याच्या नखावर काम भागवीत असें वृद्ध सांगतात, व नखावरचें काम करावयाचें म्हणजे धार कशी पाहिजे हें सांगणें नको. बोरू शाईंत भिजून मऊ पडतो, टोंक पसरतें, आणि मग मोडीचें वळण जाड होऊं लागतें. एकाच पत्राच्या आरंभीं अक्षर बारीक, पुढें हळूहळू फोफसें, आणि मध्येंच एकाद्या ओळीपासून पुन्हा टोंकदार, असें जेथें दिसेल तेथें लेखक बदलला असें मानण्यापूर्वीं लेखणी तासली गेली काय हें पाहावें. कागदावर चाकूची ही एवढीच सही राहते.

युरोपांत चाकूस आणखी एक काम होतें, तें म्हणजे चर्मपत्रावरील चुकलेलें अक्षर खरवडून काढणें. आमच्या पोथ्यांत तें काम चाकूकडे आलें नाहीं. चुकीच्या अक्षरावर हरताळ लावीत, आणि ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार त्यांतूनच आला. यामुळें देशी कलमतराशाचें पातें तासण्यापुरतें आखूड व सरळ धारेचें असलें तरी पुरे. खरवडण्यासाठीं लागणारें रुंद, गोल टोंकाचें पातें आमच्या ४१ नगांत केवळ विलायती चाकूंवर आढळलें.

या विलायती चाकूंची संख्या थोडी नाहीं. इंग्रजींत पेननाइफ म्हणतात तो मूळचा हंसपिसाची लेखणी तासण्याचाच चाकू. बर्मिंगहॅमच्या पोलादी निबा १८३० नंतर यंत्रानें निघूं लागल्या व त्याचें मूळ काम संपत आलें, तरी नांव टिकलें आणि माल हिंदुस्थानांत येत राहिला. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांच्या चाकूची तारा व माल्टी क्रूस ही निशाणी तर येथें अक्षर न येणाऱ्यासहि ओळखतां येई. संग्राहकाच्या दृष्टीनें या चाकूंत एक सोय आहे. त्यांवर काळ कोरलेला असतो. पात्याच्या बुडाशीं मुकुट व त्याच्या दोहों बाजूंस ‘व्ही’ आणि ‘आर’ हीं अक्षरें असतील तर तो व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींतील, म्हणजे १८३७ ते १९०१ मधील. ‘इंग्लंड’ हें देशनाम छापलेलें असेल तर बहुधा १८९० नंतरचा, कारण त्या सालच्या अमेरिकन जकातीच्या कायद्यानें परदेशी मालावर देशाचें नांव असणें सक्तीचें झालें व पुढें तो शिरस्ताच पडला. देशी लोहाराच्या किंवा फिरत्या घिसाड्याच्या चाकूवर असें कांहीं नसतें. त्याचा काळ ठरतो तो ज्या कागदांत तो सांपडला त्यांवरून, अन्यथा ठरत नाहीं.

आमचा सर्व मुद्दा या शेवटल्या वाक्यांत आहे. छाटणी करूं लागलें म्हणजे हात आपोआप सुंदर नगाकडे जातो. शिंपल्याच्या मुठीचा, दोन पात्यांचा, कमान अजून टणकन् वाजणारा शेफील्डचा चाकू ठेवावा आणि बाभळीच्या मुठीचा, पातें झिजून काडीएवढें झालेला देशी चाकू टाकावा, हा पहिला मोह. परंतु शेफील्डच्या त्या नगासारखे नग अनेक देशांतील संग्रहांत आहेत व कारखान्यांच्या याद्यांत चित्रांसह नोंदलेले आहेत. काडीएवढ्या पात्याचा चाकू मात्र एका कुळकर्णी घराण्याच्या जमाखर्चाच्या रुमालांतून आला. त्याच्यासारखा दुसरा कोठें असला तरी तो या रुमालांतला नसेल. पात्याचें झिजणें हाच त्याचा मजकूर. शिवाय ती झीज बुडाकडे व टोंकाशीं अधिक आणि मध्यें कमी आहे. लांब उतार बुडाकडील धारेनें निघतो व चीर टोंकानें पडते, हें वर सांगितलेल्या कृतीशीं ताडून पाहावें. सुपारी किंवा फळें कापणाऱ्या चाकूचें पोट झिजतें. अशा पात्यास शिकलगाराकडून धार लावून चकचकीत करून ठेवण्याची कांहीं संग्राहकांची हौस आम्हांस तरी पोथीचीं जीर्ण पानें कातरून कडा सारख्या करण्यासारखी वाटते.

निवडीस आमचा विरोध नाहीं. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळांत ४५ भाग प्रसिद्ध केले नसते, तर त्या दप्तराची ओळख पुष्कळांस कित्येक वर्षें झाली नसती. परंतु तेथें न निवडलेले रुमाल पुण्यास दप्तरांतच राहिले. पुढच्या अभ्यासकास ते पुन्हा सोडून पाहतां आले व आजहि येतात. चाकूची गोष्ट तशी नाहीं. सोडलेला चाकू भंगारांत जातो आणि त्याचें लोखंड होतें. दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारापासून अडकित्ते, दिवे असल्या घरगुती वस्तु जमविल्या व १९७५ सालीं तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. प्रदर्शनांत त्याचा थोडाच भाग मांडतां येतो. पण मांडलें नाहीं म्हणजे टाकलें असें तेथें होत नाहीं. खाजगी माणसास एवढी सवड नसते, म्हणून त्यानें सोडण्यापूर्वीं निदान लिहून ठेवावें.

येथें एक अडचण उभी राहते व ती खरी आहे. चाकू रुमालांतच ठेवला तर त्याचा संबंध शाबूत राहतो, पण कागद शाबूत राहत नाहीं. पावसाळ्यांत लोखंड गंजतें, गंजाचा तांबडा डाग घडीमागून घडींत उतरतो, आणि डागाखालील कागद ठिसूळ होऊन अक्षरासकट गळतो. काजळाची शाई शतकें टिकते, गंजापुढें तिचें चालत नाहीं. याहून वाईट म्हणजे सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हस्तिदंत व कासवाची पाठ यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या या मुठी फार स्वस्त मिळत. जुनें सेल्युलॉइड कुजूं लागलें कीं त्यांतून आम्लयुक्त वाफ निघते. ती त्याच चाकूचें पातें खाते, शेजारच्या चाकूंचीं पातीं खाते आणि जवळचे कागद पिवळे करून मोडते. तें भडकन् पेट घेतें हें निराळेंच. मुठीवर भेगा, घाम आल्यासारखा ओलावा किंवा कापरासारखा वास आढळला तर तो नग कितीहि नामांकित असो, दप्तराच्या खोलींत एक रात्रहि ठेवूं नये.

आम्हीं यावर केलेली व्यवस्था साधी आहे. चाकू रुमालांतून बाहेर काढावयाचा, पण त्यापूर्वीं तो कोणत्या घडींत, कोणत्या कागदांच्या मध्यें होता हें लिहून त्या कागदांच्या मित्या टिपून घ्यावयाच्या. चाकूच्या जागीं त्याच मापाचा कोऱ्या हातकागदाचा तुकडा ठेवून त्यावर चाकूचा क्रमांक घालावयाचा, आणि चाकूच्या चिठ्ठीवर रुमालाचा. गंजाचा डाग पडला असेल तर त्याची आकृति कागदावर उतरून घ्यावी. एका रुमालांत चाकू नव्हता पण डाग होता; डागाची लांबी, रुंदी व टोंकाचा उतार दुसरीकडून आलेल्या एका बेवारशी चाकूशीं तंतोतंत जुळला. तो चाकू त्याच घरांतून विकला गेला होता असें मागाहून विचारतां कळलें. डाग नुसता पुसट करून टाकला असता तर हें घडलें नसतें.

१९५० च्या कायद्यानें परगणा व कुळकर्णी वतनें रद्द झाल्यावर असलीं घरगुती दप्तरें निरुपयोगी मानलीं जाऊं लागलीं व त्यांतील लेखनसाहित्य सर्वांआधीं पांगलें. दौत पितळेची म्हणून मोडींत गेली, कलमदान मुलांच्या खेळांत गेलें. चाकू घरांतच राहिला, पण स्वयंपाकघरांत. म्हणून ज्यांस ताजी झीज आहे असे नग आम्हीं लेखनाचे म्हणून धरले नाहींत, मग देणाऱ्याची आठवण कितीहि प्रेमाची असो.

एवढ्या विचारानें ४१ पैकीं १४ ठेविले. यांपैकीं ९ रुमालांतून निघालेले, ४ देशी घडणीचे पण झिजेवरून लेखनाचे ठरलेले, आणि १ तो डागाशीं जुळलेला. सोडलेल्या २७ नगांचीं मापें, निशाण्या व छायाचित्रें वहींत घेतलीं आहेत. त्यांतील बरेच ज्या घरांतून आले त्या घरीं परत गेले. पैकीं दोघांनीं ते आनंदानें घेतले, बाकीच्यांनीं आश्चर्यानें. सोडतांना कायदाहि पाहावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें शंभर वर्षांवरील वस्तु, व हस्तलिखितें असल्यास पंचाहत्तर वर्षांवरील, पुरावस्तु ठरूं शकतात. त्यांचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं व त्या परदेशीं धाडण्यास खाजगी माणसास मनाई आहे. हस्तिदंताच्या व्यापारास तर १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनीं पुरती बंदी झाली. त्यामुळें शेफील्डचा एक हस्तिदंती मुठीचा चाकू, जो आम्ही प्रथम सोडणार होतों, तो तेवढा कोठेंहि न जातां पेटींत, पण निराळ्या कप्प्यांत, पडून आहे. वहींत त्याचा क्रमांक २७ असून शेरा ‘संग्रहाबाहेरचा’ असा आहे.