बीपी, व्हीसीआर आणि एक न विचारलेला प्रश्न

या विकांताचा विषय वरवर चावट वाटेल, पण आहे गंभीर. तेव्हा मंडळी, हसून घ्या आणि मग वाचा.

ब्राझीलमध्ये प्रौढांच्या सिनेमाचा रीतसर इतिहास लिहिता येतो. साओ पावलोच्या 'बोका दो लिशो' भागात सत्तरच्या दशकात चावट विनोदपट निघायचे. लष्करी राजवट चालू असतानाच १९८२ मध्ये 'कोइझास एरोतिकास' हा उघड लैंगिक दृश्यांचा तिथला पहिला चित्रपट थिएटरात लागला. मग व्हिडिओ घरोघरी गेला आणि १९९६ मध्ये 'ब्राझिलेरिन्यास' ही कंपनी निघाली. म्हणजे नाव आहे, साल आहे, कंपनी आहे.

आणि आपल्याकडे? काहीच नाही.

योगायोग बघा, आपलंही साल १९८२च. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ आखातातून येणाऱ्या पाहुण्याच्या सामानात व्हीसीआर. व्हीएचएस जिंकलं ते 'तसल्या' फिल्म्समुळे, ही आमच्या आयटीवाल्यांची लाडकी दंतकथा. खरं कारण बरंच साधं आहे. सोनीच्या १९७५ च्या बीटामॅक्स कॅसेटवर एकच तास मावायचा, जेव्हीसीच्या १९७६ च्या व्हीएचएसवर दोन. शिवाय जेव्हीसीने ते तंत्र इतर कंपन्यांनाही वापरू दिलं. आपल्याकडे चालणाऱ्या ई-१८० कॅसेटवर तर तीन तास, म्हणजे अख्खा हिंदी पिक्चर!

माझं गाव वेळापूर, तालुका माळशिरस. अर्धनारीनटेश्वराचं देऊळ आणि आषाढीला माउलींच्या पालखीचा मुक्काम, एवढी आमची ओळख. अशा गावांपर्यंतही व्हिडिओ पोचला. गणपतीत टीव्ही-व्हीसीआर रात्रभराच्या भाड्याने आणायचा आणि गल्लीत ओळीने तीन पिक्चर. तालुक्याच्या ठिकाणी व्हिडिओ पार्लर, बाहेर खडूने लिहिलेला फळा. फळ्यावर न लिहिलेला खेळ रात्री उशिरा. त्याला 'बीपी' म्हणायचे, म्हणजे ब्लू पिक्चर. २०१३ मध्ये रवी जाधवांचा 'बालक-पालक' आला तेव्हा या आद्याक्षरांवर थिएटरात जो हशा पिकला तो उगाच नव्हे.

आता कायदा. दंडविधानाचं कलम २९२ अश्लील वस्तू विकणं, भाड्याने देणं आणि जाहीर दाखवणं गुन्हा ठरवायचं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. (१ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम २९४.) चोरट्या कॅसेटींनी सिनेउद्योग बेजार झाला, म्हणून १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. कॅसेटवर निर्मात्याचं नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत हवीच, असा नियम आला. आता बीपीवर नाव-पत्ता कोण छापणार? कोरं लेबल हीच तिची ओळख. त्यामुळे आपल्याकडे धंदा झाला, पण उद्योग म्हणून नोंद नाही.

वर ॲनालॉगची गंमत. टेपवरून टेप काढली की दरवेळी चित्र थोडं खराब होतं. चौथ्या-पाचव्या हाताची कॅसेट म्हणजे मुंग्या आणि सावल्या. बहुतेक माल परदेशी, कुठला ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. त्या सावल्यांतली माणसं कोण, हे कळायचा मार्गच नाही.

आणि इथेच मला ही गोष्ट टोचते. कलम २९२ चा सगळा प्रश्न बघणाऱ्याचा आहे, म्हणजे हे पाहून माणूस बिघडेल का? पडद्यावरच्या बाईने हे राजीखुशीने केलं का, तिला पैसे मिळाले का, चित्रीकरण होतंय हे तिला माहीत तरी होतं का, हे त्या कलमात कुठेच नाही. दुसऱ्याचं खासगी चित्रण त्याच्या संमतीविना टिपणं हा स्वतंत्र गुन्हा झाला तो २००८ च्या दुरुस्तीतल्या आयटी कायद्याच्या ६६ई कलमाने. चोरून पाहणं-टिपणं २०१३ मध्ये दंडविधानात ३५४क म्हणून आलं. तोवर व्हीसीआर भंगारात गेला होता आणि खिशाखिशात कॅमेरा आला होता.

ब्राझीलचा धंदा काही पुण्यवान होता असं नाही. पण जिथे कंपनीचं नाव असतं, तिथे जाब विचारायला निदान एक दार असतं. आपण सगळं अंधारात ढकललं आणि त्याला संस्कृती राखणं म्हटलं. त्यातून बघणारा वाचला नाहीच, आणि जिचं चित्रण झालं ती कायमची बिननावाची राहिली.

असो. पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर 'कुणाचा तरी' व्हिडिओ आला, तर पुढे ढकलण्याआधी एवढं आठवा, की आता कॉपी खराब होत नाही. हजाराव्या हातातही तो चेहरा पहिल्याइतकाच स्वच्छ दिसतो.