दहा जनुकांची गोष्ट

हिंगोलीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे ३६ अंश म्हणजे दिलासाच. बेकरीतल्या यीस्टलाही या तापमानाचे काही वाटत नाही. पीठ फुगतच राहते. पण याच ३६ अंशांमुळे १९७० साली यीस्टच्या पेशीतील एक मोठा कारखाना अभ्यासता आला.

रायबोसोम म्हणजे पेशीतील प्रथिने तयार करणारे यंत्र. यीस्टमध्ये ते स्वतः चार आर.एन.ए. रेणू आणि ७९ प्रथिने यांचे बनलेले असते. जोमाने वाढणारी पेशी मिनिटाला सुमारे २,००० रायबोसोम घडवते. कसे? एखादे यंत्र कसे चालते हे पुष्कळदा ते बंद पडल्यावरच कळते.

अमेरिकेत लेलंड हार्टवेल यांनी २३ अंशांना वाढणारे, पण ३६ अंशांना थांबणारे यीस्टचे वाण मिळवले. काही वाणांत रायबोसोम बनणेच थांबत होते. दोष दहा जनुकांत होता. ही जनुके रायबोसोमच्या घडणीचे नियंत्रण करतात, असे त्यांनी जोनाथन वॉर्नर यांच्यासह १९७० मध्ये मांडले.

निरीक्षण बिनचूक होते. अर्थ मात्र अपुरा होता. काही जनुकांच्या संदेशातून मधले तुकडे (इंट्रॉन) कापून टाकावे लागतात, हे १९७७ मध्ये कळले. १९८१ मध्ये मायकेल रॉसबॅश व सहकाऱ्यांना या वाणांत रायबोसोमच्या प्रथिनांचे न कापलेले संदेश आढळले. म्हणजे बिघाड कात्रीत होता! यीस्टच्या सुमारे ६,००० जनुकांपैकी जेमतेम ३०० मध्ये इंट्रॉन असतात आणि त्यांतली सुमारे १०० रायबोसोमच्या प्रथिनांची असतात. म्हणून कात्री बिघडताच हा कारखाना बंद पडला. त्या दहांपैकी बहुतेक जनुके कात्रीचीच निघाली.

जुळणी करणारी २०० हून अधिक मदतनीस प्रथिने पुढे सापडली. केंद्रकीत एक लांब आर.एन.ए. तयार होतो, त्याच्या छाटणीतून तीन रेणू मिळतात, चौथा स्वतंत्रपणे बनतो. त्यांवर प्रथिने बसतात. लहान व मोठा असे दोन भाग केंद्रकाबाहेर पडतात. पेशीद्रव्यात उरलेले मदतनीस गळतात, शेवटची छाटणी होते आणि मगच रायबोसोम कामाला लागतो.

प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ हे रकाने वेगळे का, असे विद्यार्थ्यांनी विचारले तर ही गोष्ट जरूर सांगावी. अनुमान बदलले, १९७० चे निरीक्षण आजही तसेच उभे आहे.