मिशनऱ्याचा साधा मंगळवार शोधताना

तामिळनाडूतल्या पळणीच्या डोंगरात एक छोटा पक्षी राहतो. शास्त्रीय नाव मॉन्टेसिंक्ला फेअरबँकी. त्याचं पहिलं वर्णन ब्लँफर्ड या भूशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये केलं आणि नमुना ज्याने गोळा केला होता त्याचं नाव पक्ष्याला दिलं. तो माणूस म्हणजे सॅम्युएल फेअरबँक. पण हा काही निसर्गशास्त्रज्ञ म्हणून भारतात आला नव्हता. तो अमेरिकन मराठी मिशनचा पाद्री. कामाची जागा आपल्या नगर जिल्ह्यातलं नेवासा तालुक्यातलं वडाळा.

मी एम.एस्सी. प्राणिशास्त्र करून विज्ञानाच्या इतिहासाकडे आले, त्यामुळे मला पहिला प्रश्न हाच पडला : वडाळ्याचा पाद्री हजार किलोमीटर दक्षिणेला काय करत होता? उत्तर शेवटी सांगते. कारण ते मिळेपर्यंत मी एक मोठी चूक केली होती, आणि रिसर्चला लागणाऱ्यांनी ती टाळावी असं मला वाटतं.

चूक काय होती?

मिशनऱ्यांचं रोजचं आयुष्य कसं होतं हे बघायचं म्हणून मी छापील अहवाल आणि पत्रं वाचायला घेतली. एक्सेल शीट केली. प्रवचनं किती, दौरे किती, शाळा किती. तीन महिन्यांनी शीट भरली, पण घर कुठेच नव्हतं. जेवण नाही, भाडं नाही, कंटाळा नाही, आपसातलं भांडण तर नाहीच. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "हे कुणासाठी छापलंय?"

छापलं होतं बोस्टनला, 'मिशनरी हेरल्ड' मासिकात. वाचणारे म्हणजे वर्गणी देणारे अमेरिकन लोक. त्यांना काय वाचायला आवडेल, कशाने पुढची देणगी येईल, हे पाहून पत्रांतला मजकूर निवडला जायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर हा सिलेक्शन बायस. थर्मामीटर चाळीसच्या वर दाखवतच नसेल तर "ताप कधी चाळीसच्या वर गेला नाही" असा निष्कर्ष काढता येत नाही. मी नेमकं तेच करत होते.

मग शोधायचं कुठे? मला तीन ठिकाणं उपयोगी पडली.

एक : मजकूर बाजूला ठेवून तारखा बघा

अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतून निघाले. 'कॅरव्हॅन' जहाज जूनमध्ये कलकत्त्याला लागलं. म्हणजे जवळपास चार महिने. त्याच जूनमध्ये अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. ही मंडळी ब्रिटिश राज्यात उतरत होती आणि आपण आता शत्रुराष्ट्राचे नागरिक झालो आहोत हे त्यांना माहीतही नव्हतं! कंपनी सरकारला मिशनरी आधीच नको होते, त्यात हे अमेरिकन. निघून जा, असा हुकूम आला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट कसेबसे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. तिथेही गव्हर्नर नेपियन यांच्याशी अर्ज-विनंत्या करण्यात महिने गेले.

सॅम्युएल न्यूएल आणि त्याची बायको हॅरिएट मॉरिशसकडे निघाले. ती गरोदर होती. मूल जहाजावर जन्मलं आणि तिथेच गेलं. ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसमध्ये हॅरिएट वारली. वय १९. दोन वर्षांनी तिची रोजनिशी आणि पत्रं बोस्टनला पुस्तक होऊन आली, खूप खपली, आणि ती मिशनची हुतात्मा ठरली. म्हणजे रोजनिशीसारखा खासगी कागदसुद्धा आपल्या हातात येतो तो आधी कुणीतरी निवडलेला असतो.

आता टपालाचा हिशेब करा. पत्र जायला चार-पाच महिने, उत्तर यायला तेवढेच. हॉलची पत्नी १८२५ मध्ये मुलांना घेऊन अमेरिकेला गेली. हॉल मार्च १८२६ मध्ये नाशिक भागात दौऱ्यावर होता. तिकडे पटकीची साथ. जवळची औषधं त्याने वाटली आणि परतीच्या वाटेवर २० मार्चला तो स्वतः पटकीनेच गेला. ही बातमी जहाजानेच जाणार होती. म्हणजे ती विधवा झाली होती आणि पुढचे कित्येक महिने तिला ते ठाऊक नव्हतं. त्या काळात तिने त्याला पत्रं लिहिली असतील तर ती मुंबईत कुणी उघडली असतील? हे कुठल्याच अहवालात येत नाही. फक्त दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं.

दोन : बाहेरचा साक्षीदार शोधा

सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आली. तब्येतीसाठी एकदा अमेरिकेला जाऊन परत आली ती १८३९ मध्ये नगरला, आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. अहवालात तिचं काम म्हणजे बहुतेक पटावरच्या मुलींचा आकडा. पण नगरच्या त्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि आपल्याला त्यातून प्रेरणा मिळाली हे स्वतः सांगितलं. वर्गात रोज जे चालायचं त्याचं वजन किती, हे आपल्याला देणगीदारांच्या मासिकापेक्षा पुण्याच्या या पाहुण्याकडून जास्त कळतं.

याची दुसरी बाजू विसरू नका. मराठी शिकवणारे पंडित, स्वयंपाकी, दौऱ्यावर सामान वाहणारे, दाई यांच्याशिवाय मिशनऱ्याचा एक दिवस पार पडत नव्हता. छापील पानांत त्यांची नावं क्वचितच येतात. तुमच्या डेटात ते नसतील तर "नव्हते" असं लिहू नका. "नोंदवले नाहीत" असं लिहा. एका शब्दाचा फरक आहे, पण थीसिस त्यावर उभा राहतो.

तीन : दुसऱ्याच कारणासाठी लिहिलेला कागद वाचा

आता फेअरबँक. १८७६ मध्ये ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या पक्षीविषयक नियतकालिकात त्याची पक्ष्यांची यादी आली. ठिकाणं : खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगरचा परिसर. प्राणिशास्त्रवाला ती यादी प्रजातींसाठी वाचेल. मी ती माणसासाठी वाचली. इथे कुणाला देणगीदारांना खूश करायचं नव्हतं, म्हणून तो कुठे कुठे जात होता हे सहज उरलं.

आणि पळणीचं कोडं? उन्हाळा! पळणीच्या डोंगरात कोडाईकनाल आहे. त्याच बोर्डाच्या मदुरा मिशनने १८४५ मध्ये तिथे घरं बांधायला घेतली, कारण मैदानातल्या आजारांनी त्यांची माणसं आणि लेकरं मरत होती. तब्येत सांभाळायला डोंगरावर जाणं ही चैन नव्हती, जिवंत राहायची सोय होती. फेअरबँक तिथे गेला तो याच चाकोरीतून असं मी मानते. म्हणजे तापाच्या भीतीतून सुट्टी, सुट्टीतून फिरणं, आणि फिरण्यातून विज्ञानाला एक नवी प्रजाती. धर्मप्रसाराच्या अहवालात ही साखळी सापडली नसती.

तर मित्रांनो, सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक छोटं काम करा. तुमचा मुख्य सोर्स घ्या आणि कोऱ्या पानावर तीन ओळी लिहा : हे कुणासाठी लिहिलं? यात काय येऊच शकत नव्हतं? ते आणखी कुठे सांडलं असेल? तिसऱ्या ओळीला वेळ लागतो. मला एक वर्ष लागलं, आणि उत्तर एका पक्ष्याच्या नावात होतं.